समुद्र कुठल्या हाताला

माझा निकाह १९९६ साली फोनवर झाला. मी हर्णैला, जहूर मस्कतला, मध्ये खरखरणारी लाइन. त्याचं ‘कबूल’ मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. तरी सगळ्यांनी मला नशीबवान ठरवलं, आणि मी मस्कतमधल्या मत्रहच्या जुन्या गल्लीतल्या एका खोलीत येऊन पडले.

जहूर सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, कापडाच्या दुकानात होता. सकाळी जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावायचा. दुपारी बाजार बंद झाला की जेवायला यायचा, चारला पुन्हा कुलूप. “परका मुलूख आहे गो. या गल्ल्यांत हरवलीस तर कुणाला विचारशील?” हे तो प्रेमाने म्हणायचा, म्हणून तर भांडता येत नव्हतं. शुक्रवारी फिरवून आणतो म्हणायचा आणि शुक्रवारी घोरत पडायचा. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, खायला-प्यायला रेलचेल. गावी कळवलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला सुख टोचतंय. पण माझा जीव त्या खोलीत गुदमरत होता.

खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीसमोर. ऊन कधी आत आलं नाही. दाराच्या उजव्या हाताच्या भिंतीपलीकडून बोटींचे भोंगे ऐकू यायचे, म्हणजे समुद्र तिकडे. मी तिकडे तोंड करून नमाज पढायचे. किबला, म्हणजे मक्केची दिशा, विचारावी लागते हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात समुद्राकडे तोंड केलं की झालं.

खाऱ्या हवेने दाराची कडी गंजली होती. जूनमधल्या एका सकाळी मी रागाने दार आत ओढलं तर कडी कुलपासकट उखडून आली. क्षणभर मीच घाबरले. मग बुरखा चढवला आणि निघाले. जहूर जेवायला यायच्या आधी परत आले नाही तर तो दुसरं, भक्कम दार बसवेल, हे मला पक्कं माहीत होतं.

गल्ली उतरून समुद्रापाशी गेले, पोटभर वारा प्याले. मग हावऱ्यासारखी दुसऱ्याच गल्लीत शिरले. कोरीव दारं, लाकडी जाळीचे सज्जे, एका घरातून लोबानचा धूर. एक वळण झालं की पुढचं बोलवायचं. फिरून मन भरलं तेव्हा परतीची वाट विसरली होती.

मी गावचं गणित मांडलं. सकाळचं ऊन पाठीवर घेतलं की समोर समुद्र. तशी नाकासमोर चालत राहिले. समुद्र काही येईना, डोंगर मात्र जवळ आला. ऊन डोक्यावर चढलं, दारं एकेक करून बंद झाली, विचारायला माणूस उरला नाही. जहूर म्हणायचा तशीच हरवले होते, आणि त्याचं खरं ठरल्याचा मला जास्त संताप आला.

दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान झाली. एका छोट्या मशिदीचं दार उघडं होतं. आत पुरुष रांगेत उभे होते, आणि मी आतापर्यंत चालत आले त्याच दिशेला त्यांची तोंडं होती. तेवढ्यात बंदरातून भोंगा वाजला. तो त्यांच्या उजव्या हाताकडून आला. इथे समुद्र पश्चिमेला नव्हताच. मी उजवीकडे वळले आणि धावत सुटले. समुद्र लागला, त्याच्या कडेने आमची गल्ली सापडली.

उंबऱ्यात जहूर उभा होता. हातात उखडलेली कडी.

“कुठं गेलेलीस?”

“गल्ल्या बघायला.” मला धाप लागली होती. “किबला दाराच्या बाजूला आहे ना?”

तो उंबऱ्यातून बाजूला झाला.

“मी आल्यापासून समुद्राकडच्या भिंतीकडे तोंड करून पढतेय. तुम्ही बघत होतात.”

“बघत होतो.”

“मग सांगितलं का नाहीत?”

त्याने कडी या हातातून त्या हातात घेतली. “दिशा कळली असती तर तुला पाय फुटले असते.”

मला आधी रडू आलं. बायकोला कोंडणारे नवरे मी ऐकले होते. ती हरवलेलीच राहावी म्हणून तिची नमाज चुकू देणारा ऐकला नव्हता.

मी आत आले. त्याला जेवण वाढलं. तो आत भिंतीशी बसून जेवला. मी हात-पाय धुऊन वजू केला आणि नमाजाचा मुसल्ला दाराकडे तोंड करून पसरला.

“दार लोटू नका,” मी म्हटलं. “आल्यापासूनच्या सगळ्या नमाजा मला पुन्हा पढायच्या आहेत.”

चार वाजत आले तसा तो उठला, टोपी घातली आणि थांबला. पढणाऱ्याच्या समोरून कुणी जात नाही, आणि खोलीला दार एकच. मी एक नमाज संपवून सलाम फेरला, तो पुढे सरकला, तोवर मी पुन्हा उभी राहिले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो खाली बसला.

“बिलकीस,” तो हळूच म्हणाला, “मला बाहेर जाऊ दे गो.”

मी पुढच्या नमाजाची नियत बांधली.