कोऱ्या पाठीचा पिअर्स

लोवेल हॉस्टेटरला त्या दुपारी कमवायचं होतं ते कोटाच्या बटणाएवढं ॲल्युमिनियमचं एक टोकन. गमवायचं काय होतं? त्याच्या मते काहीच नाही. टोकनाचा मालक मर्ल फिस्टर तर गेल्याच महिन्यात वारला होता.

लोवेल, मर्ल आणि त्यांच्या दोस्तांच्या तरुणपणी अमेरिकेतल्या ओहायोत पेट्रोल पंपावर टाकी भरली, की कुठल्यातरी राष्ट्राध्यक्षाचं तोंड असलेलं टोकन फुकट मिळे. सोबत गोल भोकांचा पुठ्ठा. एकेका भोकात एकेक अध्यक्ष बसवायचा. बाकी गाव ते विसरलं. यांनी मात्र म्हातारपणापर्यंत त्याचा क्लब चालवला. क्लबाचा दंडक असा, की सभासद गेला तर एकाने घरी जाऊन संग्रह पाहायचा, बायकोला खरं काय ते सांगायचं, आणि स्वतःसाठी काही उचलायचं नाही.

मर्लच्या घरी जायची पाळी लोवेलची होती. मर्लची बायको आर्लीन हिने पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. लोवेल अंगठ्याने एकेक टोकन ढकलून पाठ बघत गेला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स उलटा केला आणि त्याचा हात थांबला. पाठ कोरी. ना गरुड, ना अक्षर. कारखान्यात ठसा चुकलेल्या अशा दुर्मिळ टोकनाबद्दल त्याने आजवर फक्त ऐकलं होतं.

"मर्ल म्हणायचा, यात एक असं आहे की क्लबाची बोबडी वळेल," आर्लीन कॉफी ओतत म्हणाली. "वेळ आली की दाखवीन म्हणे. मी म्हणायची, भंगार आहे रे बाबा, टाक गटारात! लोवेल, खरं सांग. आहे का तसं एखादं?"

लोवेलने पिअर्स परत भोकात बसवला, तोंड वर करून.

"नाही गं. सगळी साधीच."

"म्हणजे मीच बरोबर होते." तिने बशी उगाचच पुसली. "जन्मभर यावरून भांडलो. या एका भांडणात हरले असते तर बरं वाटलं असतं."

बोलायला अजूनही उशीर झाला नव्हता. लोवेल बोललाही. "मर्लची आठवण म्हणून एखादं नेऊ का?"

"ने की! दोन ने."

त्याने एकच नेलं. तेवढाच आपला सज्जनपणा, असं त्याला वाटलं.

पुढच्या मंगळवारी चर्चच्या तळघरात क्लब भरला, तेव्हा आर्लीन घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आली.

"लोवेलने सगळं बघितलं हं," ती हसत म्हणाली. "एकही वेगळं निघालं नाही. मर्ल नुसत्या बाता मारायचा तुमच्यापुढे. लोवेलने एक आठवण म्हणून नेलं तेवढंच. कुठलं रे ते? हं, पिअर्स!"

काही उचलायचं नाही हा दंडक टेबलाभोवती सगळ्यांना पाठ होता. क्लबाचा अध्यक्ष डॉइल याने लोवेलकडे पाहिलं. नवं टोकन आलं की सगळ्यांपुढून फिरवायचं तबक त्याने पुढे सरकवलं.

"दाखव की."

लोवेलचा हात खिशातच होता. बोटाला गुळगुळीत पाठ लागत होती.

"घरी राहिलं."

"राहू दे मग," डॉइल म्हणाला आणि ॲपल पाय कापू लागला. दुसरं कुणी काही विचारलं नाही. लोवेलच्या बशीत सगळ्यांत मोठा तुकडा आर्लीननेच वाढला.

"बाताड्या होता, पण गोड होता हो," कुणीतरी म्हणालं. आर्लीनने मान डोलावली. लोवेलनेही डोलावली.

पिअर्स लोवेलला मिळाला. तो कुठल्याही तबकात ठेवता येण्यासारखा मात्र राहिला नाही. आर्लीनला भांडणातला नको असलेला विजय मिळाला. किंमत मोजली मर्लने: जन्मात एकदाच खरी बढाई मारली होती, तीही त्याच्या बायकोच्या तोंडून खोटी ठरली.