आप्पांचा राग आणि सकाळची गोळी

जगात जेवढी म्हणून सिंहासनं उलथली, ती सात्त्विक संतापानं उलथली. माणसाच्या काळजात अन्यायाची चीड पेटली की तिच्यापुढं फौजा टिकत नाहीत आणि किल्लेही टिकत नाहीत. आमच्या तांबडमाळावर ही चीड आप्पांच्या रूपानं अवतरली होती आणि दोन वर्षं तिच्यापुढं वायरमनसुद्धा टिकला नव्हता. पुढं रक्ताच्या तपासणीत असं निघालं की ती चीड काळजात नव्हतीच. ती गळ्यातल्या एका ग्रंथीत होती. ग्रंथीचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे चहात ठेचून टाकायच्या आल्याएवढं.

तांबडमाळ ही धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या उतारावरची साठ-सत्तर उंबऱ्यांची वस्ती. मेंढरं माणसांच्या दसपट, पुढारी एकच. आप्पा पूर्वी ग्रामपंचायतीचे साधे सदस्य होते आणि बैठकीत झोपायचे. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना एकाएकी राग यायला लागला. विजेची डीपी जळाली तेव्हा त्यांनी वायरमनची शिडी विहिरीत टाकली. तिसऱ्या दिवशी नवी डीपी आली. हातपंपासाठी त्यांनी एका साहेबाच्या टेबलावरची काच फोडली. हातपंप आला, शिवाय साहेबाला नवी काच मिळाली. वस्तीला विकासाचा रस्ता सापडला.

आप्पा सात भाकरी खायचे आणि वाळत चालले होते. समाजाची चिंता पोखरतीय, असं कार्यकर्ते सांगायचे. डोळे बाहेर आले होते. बॅनरवर तो फोटो लई उठून दिसायचा. माइक धरताना हात थरथरायचा, बाया पदरानं डोळे टिपायच्या. पौषात मेंढरंसुद्धा एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात, तेव्हा आप्पा नुसत्या बंडीवर पंखा पाचवर लावून बसायचे आणि वारा लागत नाही म्हणून पंख्याला शिव्या द्यायचे. गाव ह्याला तेज म्हणायचं.

ते तेज घरात कसं दिसतं, हे फक्त त्यांच्या बायकोला, बायनाबाईला ठाऊक होतं. भाकरीला डाग पडला तर ताट अंगणात जायचं. ते उचलून आणायचं काम तिचं. पण ती मेंढरांत वाढलेली बाई. रवंथ करताना नुसतं तोंड बघून कुठलं जनावर आजारी आहे ते सांगणारी. तिनं एक दिवस पाहिलं, आप्पा स्वस्थ बसलेत आणि गळ्याशी शीर नुसती उड्या मारतीय. शिरेशेजारी गळा थोडा फुगलेला. तिनं ओळखलं, हे तेज न्हाई, हे दुखणं हाय. घाटनांदूरला लग्न आहे असं सांगून तिनं आप्पांना जीपमध्ये घातलं आणि जीप अंबाजोगाईला डॉक्टर स्वप्ना ह्यांच्या दवाखान्यात नेऊन उभी केली.

डॉक्टरीणबाई आप्पांच्या लेकीच्या वयाची. तिनं आप्पांना घोटभर पाणी गिळायला लावलं आणि गळ्याकडं बघत बसली. नाडी मोजली, एकशे अठ्ठावीस. मग हात समोर ताठ करायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. आप्पांनी आयुष्यात कुठल्याच हापिसातला कागद इतका हललेला पाहिला नव्हता.

रक्ताच्या कागदावर टीएसएच शून्य पूर्णांक शून्य एक. एवढी कमी मतं आप्पांच्या विरोधकालासुद्धा पडली नव्हती. डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं, की मेंदू ह्या थायरॉइड ग्रंथीला काम कर म्हणून निरोप धाडत असतो. तुमची ग्रंथी निरोपाची वाटच बघत नाही, मनाला येईल तेवढा रस सोडत सुटलीय, म्हणून मेंदूनं निरोप धाडणंच बंद केलंय. हा आकडा त्या निरोपाचा.

"आमच्या घरात बी तसंच हाय," बायनाबाई म्हणाली. "मी बी बोलणं सोडलंय."

ह्याच्या उलटंही होतं, डॉक्टरीणबाई म्हणाली. ग्रंथी मंदावते, माणूस सुजतं, सुस्तावतं, उन्हाळ्यात थंडी वाजते; बायांत तर ते घरोघर आहे आणि घरोघर त्याला आळस म्हणतात. म्हणून ग्रंथीला आवर घालणारी ही गोळी रोज घ्यायची, पण सहा आठवड्यांनी रक्त तपासून ती कमी करायची, नाहीतर ह्या टोकाचे त्या टोकाला जाल. आणि मनानं बंद केलीत तर एक दिवस काळजाचा ताल सुटेल. मग अंबाजोगाईपर्यंत यायला वेळ मिळेलच असं नाही.

आप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे माझा राग जाणार?"

"तुमचा असेल तर राहील," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ग्रंथीचा असेल तर जाईल."

दोन वर्षांच्या पुढारपणाचा मालक कोण, ह्याचा निकाल आता सहा आठवड्यांत लागणार होता.

निकाल वाईट लागला. महिन्याभरात शीर शांत झाली आणि आप्पा चार भाकऱ्यांवर आले. वायरमनला त्यांनी बस म्हणून चहा दिला. तो बिचारा कप न उचलताच निघून गेला, त्याला वाटलं काहीतरी मोठं शिजतंय. ग्रामसभेत एकानं आप्पांना थेट खोटारडा म्हटलं तर आप्पा म्हणाले, आसंल बाबा. ताट अंगणात जायचं थांबलं. बायनाबाई पुन्हा बोलायला लागली. तिला दोन वर्षांचं बोलायचं होतं आणि आप्पा ते ऐकत होते. वस्तीवर मात्र सुतक पडलं.

त्याला कारणही तसंच होतं. वस्तीवर जनावरांचा दवाखाना आहे. इमारत आहे, पाटी आहे, पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे, दाराला कुलूप आहे. नाही तो फक्त डॉक्टर, आणि तो गेली तीन वर्षं नाही. कुलूप गंजलं तेव्हा सरकारनं तातडीनं नवं धाडलं. पावसाळ्याआधी मेंढरांना एक लस टोचावी लागते. ती टोचली नाही तर नवं कोवळं गवत खाऊन कोकरं सकाळी उड्या मारतात आणि सांजेला पाय ताणून पडतात. गेल्या आषाढात त्रेचाळीस पडली. त्यांतली अकरा अंगदची. हा अंगद आप्पांचा चुलत पुतण्या आणि पहिल्या नंबरचा कार्यकर्ता. गेल्या वर्षी आप्पांनी जिल्ह्याला पशुसंवर्धनाच्या साहेबाच्या हापिसात जाऊन दोन खुर्च्या मोडल्या होत्या आणि साहेबानं लस येतीय म्हणून सांगितलं होतं. ती अजून येतच होती. आता यंदाची भेट ठरली, मे महिन्यातली, आणि पुढारी घरी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होता.

अंगदला दोन गोष्टी कळायच्या, राजकारण आणि टकरीचा एडका. त्याच्या एडक्यानं दोन जत्रा मारल्या होत्या. टकरीआधी आठ दिवस एडक्याला कळपातून वेगळं बांधायचं, हिरवं बंद, ताकपाणी बंद, भिजवलेला हरभरा चालू, आणि अधूनमधून काठीनं डिवचायचं, अशी त्याची पद्धत. त्यानं आप्पांना तसंच बांधलं. बैठकीच्या तयारीसाठी म्हणून माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. सकाळी भिजवलेला हरभरा, जेवणात हुलग्याचं माडगं आणि आळशीची चटणी, कारण दोन्ही उष्ण. ताक बंद. डिवचायला विरोधकाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ मोबाइलवर दिवसातून सात वेळा. आणि सगळ्यात मुख्य, सकाळची गोळी बंद. रक्त तपासायला जायची तारीख तर ह्याआधीच टळून गेली होती. त्या दिवशी जीप अंगदला मोर्चाच्या तयारीला हवी होती.

गोळ्यांची पट्टी अंगदनं चोरली असती तर गोष्ट सोपी होती. आप्पांनीच ती त्याच्या हातात दिली. त्यांनाही त्या रागाची आठवण येत होती. वायरमन शिडी टाकून पळायचा, ते दिवस कुणाला आवडत नाहीत?

तिसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई ताकाची चरवी घेऊन शेडवर आली. अंगदनं दारातच अडवलं, म्हणाला, काकू, ताक नको, चार दिवस ऱ्हायलेत. तिनं विचारलं, कशाला चार दिवस? अंगद खोटं बोलत नाही, निदान घरच्यांशी. त्यानं हरभऱ्यापासून गोळीपर्यंत सगळी पद्धत सांगितली, थोड्या अभिमानानंच.

बायनाबाईनं चरवी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"अंगदा, तुझा एडका टकरीत मेला तर तू धारूरच्या बाजारातून दुसरा आणशील. मी कुठून आणू?"

अंगद म्हणाला, काकू, अकरा कोकरं माझ्या हातात मेली.

"माझ्या बी दावणीची मेली. तोंडातला फेस मी बी पुसला. त्याचा राग मला न्हाई का? मला कुणी हरभरे चारलेत का?" मग ती आत वळली. खाटेवर आप्पा होते, हातात मोबाइल, त्यात विरोधक हार घालून नाचत होता. "आन तुमी. तुमच्या रागानं गावाला डीपी आली, हातपंप आला. मला काय आलं? ताट आलं, अंगणातलं. दोन वर्सं उचललं. दुखणं हाय म्हणून गिळलं. आता मनानं दुखणं घेताय व्हय? मंग ते ताट बी मनानंच फेकलं होतं, आसं मी धरून चालते."

बायनाबाई चरवी तिथंच ठेवून निघाली आणि दाराशी थांबली.

"त्रेचाळीस मेली. त्याला राग यायला गोळी बंद करावी लागत आसंल, तर तुमच्यात रागच न्हाई. घरी या आन शेंगा सोला."

ती गेली. मोबाइलमधला बँड वाजतच होता. मग आप्पांनी तो बंद केला.

"अंगद, पट्टी आण बे."

"आप्पा, चार दिवस..."

"पट्टी."

त्यांनी गोळी घेतली, वर ताक प्याले, आणि हरभरा ज्याचा होता त्याला, म्हणजे एडक्याला, चारायला सांगितलं.

ठरल्या दिवशी जीप जिल्ह्याच्या ठिकाणी त्या हापिसात गेली. आप्पा, अंगद, वस्तीतली आठ माणसं आणि कुणी या म्हटलं नसताना बायनाबाई. साहेबानं तयारी ठेवली होती. टेबलावरची काच काढून कपाटामागं उभी केली होती, खुर्च्या प्लास्टिकच्या आणल्या होत्या, पेपरवेट लपवला होता. असली माणसं दहा मिनिटं पेटतात हे साहेबाला अनुभवानं माहीत होतं. दहा मिनिटं मान डोलवायची, चहा सांगायचा, प्रस्ताव वर गेलाय म्हणायचं. मग ती विझतात आणि आपणहून निघून जातात.

आप्पा पेटलेच नाहीत. ते बसले आणि सावकाश बोलायला लागले, इतक्या खालच्या आवाजात की साहेबाला ऐकायला पुढं वाकावं लागलं. कडूबाईची चार, तीन माद्या, एक नर. शहादेवची सहा, एकाच सकाळी. कुठलं कोकरू कुणाचं, कितव्या दिवशी मेलं, मरताना कुठं पडलं. साहेब प्रस्ताव म्हणाला की आप्पा थांबायचे, त्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचे, आणि पुढचं कोकरू घ्यायचे. चहा आला, निवला. तास गेला. कारकून दारात येऊन उभे राहिले. त्रेचाळीसावं संपलं तेव्हा साहेबानं घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणाला.

"तुमी जेवून या," आप्पा म्हणाले. "मी बसतो. पयलं मी वरडायचो, साहेब. तुमी मान हलवायचा, मी गेल्यावर हसायचा. चूक तुमची न्हाई. ते वरडणं माझं नव्हतंच, गळ्याचं होतं. त्याच्यावर डॉक्टरनं गोळी दिली आन ते गेलं. आता जे ऱ्हायलंय ते माझं हाय. त्याच्यावर गोळी न्हाई. लस कोणत्या तारखेला, डॉक्टर कोणत्या वारी, कागदावर लिहा. तवर मी उठत न्हाई, जेवत न्हाई आन वरडत बी न्हाई."

साहेब उठला, बसला. पुन्हा उठला. खुर्ची मोडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते त्याला येत होतं; खुर्चीत बसणाऱ्याचं काही येत नव्हतं. अखेर त्यानं दोन फोन केले आणि कागद ओढला. सोमवारी लस. बुधवारी आणि शनिवारी डॉक्टर, नावासह. सही, शिक्का. बायनाबाईनं कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवून ओला आहे ह्याची खात्री केली आणि घडी घालून कमरेला खोचला.

साहेबाच्या कपाळावर घाम होता. बाहेर बेचाळीस डिग्री. त्यानं रुमाल काढला आणि विचारलं, आणखी काही मागणी?

"एक ऱ्हायलीय," आप्पा म्हणाले.

अंगदनं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. त्याला वाटलं, एडका आता मागं सरकतोय, धडक बसणार. कारकुनांनी दार मोकळं केलं. साहेबाचा हात नकळत कपाटाकडं, काचेकडं गेला. आप्पांनी अंगातलं जाकीट नीट केलं, टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि साहेबाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले,

"तेवढा पंखा बारीक करा. लई गार लागतंय."