चुलीपाशी उच्चारलेला शब्द

"ते तेवढं काढता येईल का गं?" फिलोमेनाने विचारलं.

इरासीने यंत्र थांबवलं. संकलनाच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर फिलोमेनाचा नवरा जानुआरियो दारात उभा होता. खांद्यावर जाळं, नजर समुद्राकडे. त्याच दिवशी तो शिडाच्या तराफ्यावरून मासेमारीला गेला आणि परत आला नाही. पडद्यावर तो म्हणाला होता, "आज वारा बरा नाही. जायचं मन होत नाही." आणि आतून, चुलीपासून, बायकोचा आवाज आला होता, "घरात काही नाही. जा."

"माझं रडणं राहू दे," फिलोमेना म्हणाली. "ते सगळ्या गावानं पाहिलंय. हे कुणी ऐकलेलं नाही. माझी पोरं बघतील."

कोळ्यांवरचा हा माहितीपट काही वर्षं डब्यांत पडून होता. आता तो पुरा होत आला, म्हणून दिग्दर्शक लाउरोने फिलोमेनाला फोर्तालेझा शहरात बोलावून घेतलं होतं. ती जवळचा एकुलता एक बरा झगा घालून बसने आली होती. इरासीने तिला बघते म्हणून सांगितलं आणि स्टँडवर सोडून आली.

इरासीने उमेदीची वर्षं रिओत काढली. तिथे ती रडवणारे कौटुंबिक चित्रपट जोडायची. एखादी नटी ऊर फुटेस्तोवर रडायची, मग कॉफी प्यायची, आणि दिग्दर्शकाला पसंत पडलं नाही तर पुन्हा रडायची. त्यांतलं सर्वांत चांगलं रडणं निवडायचं, हे इरासीचं काम. आईने अंथरूण धरलं तेव्हा ती फोर्तालेझाला घरी परतली आणि हा माहितीपट हाती आला. इथे निवडायला काही नव्हतं. माणूस एकदाच रडलं होतं. सुरुवातीला कित्येक दिवस तिला टेबलावरून उठल्यावर जेवण जात नसे.

लाउरो काही वाईट माणूस नव्हता. त्या गावात तो महिनोन्महिने राहिला होता, जानुआरियोला शोधायला कोळ्यांबरोबर समुद्रातही गेला होता. इरासीने विषय काढला तेव्हा त्याने तो तुकडा पुन्हा लावून पाहिला.

"त्या एका 'जा' शब्दात सगळा चित्रपट आहे, इरासी," तो शेवटी म्हणाला. "त्याला बायको समुद्रावर धाडत नाही, भूक धाडते. मासळी मातीमोलाने उचलणारे धाडतात. तो शब्द काढला की ते सगळे सुटले."

"लोकांना कळेल ते. तिच्या मुलांना मात्र आधी आईचा आवाज ऐकू येईल."

त्याचंही खरं होतं, हीच तर अडचण होती. दोघांनी बरेच दिवस वाद घातला. अखेर इरासीने सांगून टाकलं, की तो शब्द राहणार असेल तर मी या टेबलाशी बसणार नाही. लाउरोने साओ पाउलोहून दुसरा संकलक आणला. संकलक म्हणून नाव तुझंच देतो, असं ती निघाली तेव्हा लाउरो म्हणाला. तिने नको म्हटलं.

"काय साधलंस?" आईने अंथरुणातून विचारलं. "काम गेलं, आणि शब्द होता तिथंच राहिला."

इरासीने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

चित्रपट सगळ्यांत आधी फिलोमेनाच्या गावातच दाखवायचा, असं लाउरोने कबूल केलं होतं. चर्चसमोरच्या पटांगणात शनिवारी पडदा लागणार, असं कानावर आलं. इरासी शुक्रवारीच बसमध्ये बसली.

फिलोमेनाने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. म्हणाली, "म्हणजे राहिला." मग हात धुतले आणि शेजारच्या पोरीला दोन्ही मुलांना बोलवायला किनाऱ्यावर धाडलं.

"पडद्यावरून कळण्याआधी माझ्या तोंडून कळू दे. तू इथंच बस, इरासी. मी मध्येच अडले तर मला उठू देऊ नकोस."

मुलं आली. थोरला एदमार आता बापासारखाच समुद्रावर जात होता. धाकटा तिको अजून जाळी विणायचा. आईने दोघांना मासे आणि साबूकंदाचं भाजकं पीठ वाढलं आणि उभ्या उभ्याच सांगायला लागली. त्या पहाटेचा वारा, बाप काय म्हणाला, आणि ती काय म्हणाली. ती कुठेही अडली नाही.

तिको आईकडे बघत राहिला. एदमारचा हात ताटात थांबला.

"मला माहीत आहे, आई," तो म्हणाला.

"कसं?"

"निजायच्या झुल्यात जागाच होतो मी. तू जा म्हणालीस ते ऐकलं. मग उठून तराफा पाण्यात ढकलायला गेलो. बाबांबरोबर मीच ढकलला ना."

"इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस."

फिलोमेना हळूच त्याच्या शेजारी बाकावर टेकली. तिचा चेहरा बदलू लागला; रडू फुटायला आलं. माणसाचा चेहरा असा बदलताना शेवटपर्यंत बघत राहायचं, नजर हलवायची नाही, याच कामावर इरासी आजवर जगली होती. आता मात्र ती उठली, अंगणात आली आणि आपल्यामागे दार ओढून घेतलं.