एकच डोस

आमचे जावई डोक्याची ऑपरेशनं करणारे डॉक्टर आणि लेक जंतू वाढवणारी. म्हणजे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये; घरी तिच्या हातून कुंडीतलं एक रोपही जगत नाही.

लग्न झाल्यापासून दोघांचं जेवणाच्या टेबलावरचं भांडण एकच. मेंदूत पाणी तुंबलं की जावई डोक्यात बारीक नळी घालतात आणि ते पाणी खाटेशेजारच्या पिशवीत उतरवतात. नळीवाटे जंतू आत शिरू नयेत म्हणून ती निघेपर्यंत रोज अँटिबायोटिक द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. लेकीचं म्हणणं, नळी घालताना एक डोस पुरे, पुढे तिला उगाच हात लावू नका. रोजच्या औषधाने साधे जंतू मरतात आणि मागे उरतात ते निबर. "तू पेशंटला नाही, स्वतःच्या भीतीला औषध देतोस," असं ती सुनवायची. जावई म्हणायचे, "तुझे जंतू बशीत असतात, माझे पेशंट खाटेवर." मी म्हणायचे, जेवा आता, निवलं सगळं.

मग एका सकाळी आमचे हे दाढी करता करता आरशासमोरच कोसळले. मेंदूत रक्तस्राव, वर पाणी तुंबलेलं. दुसरे डॉक्टर रजेवर, त्यामुळे जावयांनाच नळी घालावी लागली. बाहेर आले ते हातातली टोपी चुरगाळत. "आई, नळी घालताना एक डोस दिलाय. आता पुढे नाही."

मी लेकीकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी बाईसाहेब जिंकल्या होत्या, आणि तोंड बघावं तर एरंडेल प्यायल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ती खाटेशी उभी राहून पिशवीतलं पाणी निरखत होती. "आई, गढूळ वाटतंय का गं?" आता मला काय कळतंय त्यातलं! मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसाला जन्मभर 'जरा गप्प बसा' म्हणत आले तो गप्प पडला होता, आणि मला ते सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ह्यांना ताप भरला. लेकीने मला जिन्याजवळ ओढलं आणि माझ्या पर्समध्ये एक पुडकं कोंबलं.

"अँटिबायोटिकची इंजेक्शनं आहेत. त्याला म्हण, माझ्या समाधानासाठी सुरू करा. तुझं ऐकेल तो."

"माझ्या समाधानासाठी? मला त्याचं नावसुद्धा धड वाचता येत नाही."

"आई, चेष्टा नको ना आत्ता."

"चेष्टा तर तू लावली आहेस. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर काय सांगितलं असतंस?"

ती खालचा ओठ चावत उभी राहिली. एवढी मोठी डॉक्टरीण, पण चोरी पकडली की अजून तस्सं तोंड करते.

लपवाछपवी मला जमत नाही. मी सरळ जावयांच्या खोलीत गेले आणि पुडकं टेबलावर ठेवलं. "घ्या, बायकोची भेट." वाटलं हसतील. ते मटकन खुर्चीत बसले.

"आई, मलाही द्यावंसं वाटतंय. कालपासून लिहितोय आणि खोडतोय."

"मग अडलं कुठे?"

"तिचं बरोबर आहे, तिथे अडलं. आधीही बरोबरच होतं. औषध लिहिलं की मला झोप लागायची, म्हणून लिहीत होतो."

माझ्या मागोमाग आलेली लेक दारातच थबकली होती. आत येऊन तिने पुडकं उचललं. "ताप आहे म्हणजे आता पाणी तपासायला कारण आहे. एकदा तपासू. जंतू निघाले तर औषध, नाहीतर नाही. आणि तू बाबांना नखशिखांत तपास, नुसती नळी बघत बसू नकोस."

तपासताना सलाईनच्या सुईपाशी ह्यांचा हात लाल आणि सुजलेला निघाला. सुई बदलली. नळीतलं पाणी मात्र लेकीने स्वतः बघितलं नाही, लॅबमधल्या मैत्रिणीच्या हवाली केलं. बशीत काही उगवतंय का हे लगेच कळत नाही म्हणे. तोवर आमच्या तिघांचा जीव टांगणीला. मला फार भीती वाटत होती, आणि ती सांगायची कुणाला, दोन्ही डॉक्टर माझ्याहून घाबरलेले.

ताप उतरला. हे बोलत नव्हते, पण बोट दिलं की धरून ठेवायचे. मग मैत्रिणीचा फोन आला. "काही उगवलं नाही," एवढं मला सांगून लेक कॉरिडॉरमध्ये फरशीवरच बसली आणि हमसून हमसून रडली. जावई ऑपरेशनच्या कपड्यांतच तिच्याशेजारी टेकले. वॉर्डबॉय दोघांना वळसा घालून गेला.

बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या पेशंटलाही एकच डोस ना?"

तिने त्यांच्याच बाहीला नाक पुसलं.

"एकच," ती म्हणाली. "पण त्याच्या घरच्यांना ते मी सांगणार. शेजारी बसून."