राजपुत्राचं पद

लेकीच्या, विमलच्या कपाळावर कमल गंध रेखत होती, पुसत होती, पुन्हा रेखत होती. सहा वर्षांची पोर आरशात जरीच्या टोपीकडे टकामका पाहत होती. राजपुत्राचं काम करणारी मुलगी गोवराने आडवी झाली होती आणि हुबळीचा रविवारचा दुपारचा खेळ तुडुंब भरला होता.

"एकच खेळ की गं, कमळे," नाटक कंपनीचे मालक सदाशिवअण्णा म्हणाले होते. "पोरीला पद पाठ हाय. गुणगुणताना ऐकलंय मी."

एकच खेळ! सन छप्पनमध्ये अण्णांनी कमलच्या आईला अगदी हेच सांगितलं होतं. त्या एका खेळातून बालनटी 'बेबी कमल' जन्मली. तिला पाहायला अळणावरकडून लोक गाड्या जुंपून यायचे. ती वाढू नये म्हणून अण्णांनी तिला अर्धपोटी ठेवलं, तेराव्या वर्षी छातीला फडकं आवळून राजपुत्रच करायला लावलं. अखेर त्यांनी हात टेकले तेव्हा ती त्याच नाटकात राणी झाली, गाणारी नटी म्हणून नावाजली. भिंतीवर चिकटवलेलं स्वतःचं नाव मात्र तिला ना मराठीत वाचता येत होतं, ना कन्नडमध्ये.

विमलचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. उद्या तिला धारवाडच्या शाळेत घालायचं, मावशीकडे ठेवायचं, असं पक्कं ठरलं होतं. म्हणून या खेळाला कमल आधी नाहीच म्हणाली, रडलीसुद्धा. पण खेळ मोडला तर चूल पेटणार नाही, असं अण्णांनी सांगताच सगळी कंपनी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग तिने पोरीला जवळ घेऊन बजावलं, पद हळू म्हण, आवाज मोकळा सोडू नकोस. विमलने शहाण्यासारखी मान हलवली.

रंगमंचावर ती सगळं विसरली. साप चावलेला राजपुत्र राणीच्या मांडीवर निरोपाचं पद म्हणून प्राण सोडतो, तो प्रवेश. पोरीने असा काही स्वर लावला की कमलच्याच अंगावर काटा आला. कंपनीच्या नाटकात वन्समोर मिळाला की मेलेल्यालाही उठावं लागे, पुन्हा गाऊन पुन्हा मरावं लागे. आणि ज्या पोराला वन्समोर मिळाला, त्याला अण्णा सोडत नसत.

टाळ्या ओसरायच्या आत कमलने राणीच्या विलापाचं पद उचललं. पेटीवरचे पुंडलिकमास्तर गडबडले, कसेबसे मागून आले. इतकं जीव तोडून ती आयुष्यात कधी गायली नव्हती. तरी मागून आरोळी उठली, मराठीतून, कन्नडमधून, वन्समोर, पोराला उठवा. कमल गातच राहिली. तिचा आवाज त्या गलक्यात बुडाला. तिच्यासाठी असा गलका कित्येक वर्षांत झाला नव्हता. विंगेतून अण्णा तिला थांबायची खूण करत होते.

मांडीवरची पोर डोळे मिटून पडली होती, पण तिच्या गालांत हसू मावत नव्हतं.

"आई," ती ओठ न हलवता म्हणाली, "मला बोलवायलेत. उठू?"

कमलचं गाणं थांबलं. विमलच्या छातीवर तिने हात घट्ट दाबून धरला होता. तो तिने काढून घेतला.