मधली दीड हात जागा

पावर हाउसच्या मागच्या वस्तीत भागीरथाचं आणि हर्षाचं घर एकाच दुपारी जळालं. मधली भिंत दोघींची एकच, बांबूची, मातीनं लिंपलेली. आग कोणाच्या चुलीतून निघाली हे दोघींनाही पक्कं माहीत होतं. दुसरीच्या.

आमच्या महिला मंडळानं विटा, पत्रे जमवले. मिस्त्री मी आणला. चिंधूभाऊ तीस वर्षं प्लांटातल्या भट्ट्यांमध्ये विटा बसवून रिटायर झालेला. फुकट करतो म्हणाला, आणि तिथंच वस्तीला संशय आला. मलाही आला. पण आणणारी मीच, म्हणून गप्प बसले.

काम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळीच भागीरथा माझ्या दारात.

"ताई, तुमच्या मिस्त्र्यानं माही खुंटी आत सरकवली. पाऊण हात! अन् काल हर्षाच्या इथं चहा पिऊन राहिला होता."

"चहा तर माझ्याकडेही पितो."

"तुमची जमीन लागून आहे काय माह्या जमिनीले?"

गेले तिच्यासोबत. भिंतीच्या आखणीसाठी ठोकलेली खुंटी खरंच आत आली होती. आधीच नऊ फुटांची खोली, त्यात अंथरुणाला खिळलेल्या सासूची खाट. पाऊण हात गेला की खाट कुठं ठेवायची?

चिंधूभाऊ उकिडवा बसून दोरीची गाठ सोडवत होता. मी मंडळाच्या मीटिंगमधला आवाज काढला. "भाऊ, ही खुंटी कोणाच्या सांगण्यावरून हलली?"

"माह्याच. तिकडची बी हलवली, पाहून घ्या."

तेवढ्यात पलीकडून हर्षा धावत आली. "मीबी तेच विचारून राहिली! कावून हलवली म्हणून चहा पाजून पाजून विचारलं, हा बुढा बोलतच नाही!"

"मंग मधली जागा कोणाची?" भागीरथानं विचारलं.

"कोणाचीच नाही," चिंधूभाऊ म्हणाला. "दोघींच्या भिंती अलग, मधात मोकळी जागा. आगीच्या दिवशी म्हातारीले खाटेसकट काढली तवा भिंत पेटलीच होती ना? पुढच्या वेळी माणूस बाहेर काढाले टाइम भेटला पाहिजे."

भागीरथा खोलीच्या आखलेल्या जागेत गेली आणि मातीत सरळ आडवी झाली, खाटेसारखी. पाय दोरीला लागले. उठून दुसऱ्या बाजूनं झोपून पाहिलं.

"दार इकडं घेतलं त जमते," ती पदर झटकत म्हणाली. "पण आधी तिचा पाया खोदा."

"वा गं वा! आधी तुहा!"

चिंधूभाऊनं कुदळ उचलली. एक घाव इकडं, एक घाव तिकडं, असा तो मोजून खोदू लागला. दोघी आपापल्या खुंटीवर पाय रोवून उभ्या.

मी चपला घालून निघाले, तर भागीरथानं हाक मारली. "ताई, कुठं चालल्या? पाया भरेपर्यंत मधात उभ्या राहा."

हर्षानंही मान हलवली. दोघींचं एवढं एकच जमलं. मी त्या दीड हातात शिरले. अंगानं भरलेली बाई, तिरकीच मावले.