शनिवारचं ऊन

पिरेतचा शोध असा होता, की आमच्याकडे शनिवारी दुपारी ऊन कमी पडतं. आकाशात ढगाचा ठिपका नसला तरी. तिने कारणही जुळवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं तार्तू शहर गाड्या काढून खेड्यातल्या घरी पळतं, त्यांचा धूर हवेत साचतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आड येतो. पाच वर्षांपूर्वी ही घट नव्हती, म्हणजे गाड्या वाढल्या, असंही तिने लिहिलं होतं.

"माझ्या मॉडेलमध्ये शनिवार आणि बुधवार सारखेच दिसतात," मी म्हणायचो.

"तुझ्या मॉडेलला डोळे कुठे आहेत, आइवार? तू सांगशील तेवढंच बघतं ते बिचारं."

ती छतावरच्या सेन्सरने ऊन मोजायची, मी तेच ऊन संगणकावर गणिताने काढायचो. दोघंही वर्षावर्षाच्या करारावर. शनिवारच्या उन्हावरचा तिचा निबंध छापायला घेतला गेला होता, आणि त्याच्या जोरावर आमच्या हवामान केंद्राच्या प्रमुख हेल्वेबाई तिला कायम करायला बघत होत्या. जूनच्या शेवटी, एका सोमवारी समिती बसणार होती.

केंद्राच्या मागच्या अंगणात सॉना आहे, वाफेने अंग शेकायची खोली. कित्येक वर्षं ती बंद पडली होती. चार वर्षांपूर्वी पिरेत इथे आली आणि तिने स्वतः भट्टी दुरुस्त केली. तेव्हापासून शनिवारी दुपारी ती पेटवण्याचा मान तिचा. लाकडं तीच फोडायची. संध्याकाळी आम्ही सगळे त्या उकाड्यात ओळीने बसायचो, आणि आठवडाभर कराराच्या काळजीने आंबट झालेली पिरेत तिथे खदखदून हसायची.

त्या जूनमध्ये एका शनिवारी ती आईकडे गवत कापायला गेली आणि भट्टी माझ्याकडे आली. आकाश स्वच्छ होतं. निघताना पडद्यावर पाहिलं, तर सेन्सरची रेष माझ्या मॉडेलच्या रेषेवर बरोब्बर बसली होती, शनिवार असूनही. मी खूश होऊन खाली गेलो आणि भट्टी पेटवली. लाकूड ओलसर होतं, धूर भरपूर झाला. टॉवेल न्यायला वर आलो तर सेन्सरची रेष घसरलेली. खिडकीतून बाहेर पाहिलं. आमच्याच धुराड्याचा धूर तिरका होऊन सेन्सर आणि सूर्य यांच्या मधून चालला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मॉडेल माझं खरं ठरलं होतं, पण त्यात पिरेतचा निबंध खोटा ठरत होता.

सोमवारी तिला सांगितलं. आधी ती चिडली, वाऱ्याची दिशा काढून भांडली.

"शनिवारी मीच पेटवते," ती म्हणाली. "तू पडद्यासमोर बस. हेल्वेबाईंनाही बोलव."

शनिवारी ऊन कडक होतं. तिने भट्टी पेटवली, रेष उतरली. तिने जळती लाकडं बाहेर ओढून पाण्यात विझवली. धूर विरला तशी रेष वर आली. पुन्हा पेटवली, पुन्हा उतरली. मग ती वर आली. हात काळे, डोळे लाल. डोळे धुराने लाल झाले असतील असं मला वाटून घ्यायचं होतं.

हेल्वेबाई वाफेत अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी हातात घेऊन, सॉनाच्या तयारीनेच आल्या होत्या.

"वारा काही रोज इकडेच नसतो," त्या म्हणाल्या. "गाड्यांचाही थोडा असेलच की. निबंध छापून येऊ दे पोरी. चुकीची दुरुस्ती पुढच्या वर्षी छापू."

"पुढच्या वर्षी म्हणजे मी कायम झाल्यावर?"

"मागे घेतलास तर परवा मी समितीला काय दाखवू?"

"सॉना दाखवा."

कुणी हसलं नाही. पिरेतने तिथेच उभ्याने संपादकांना चार ओळी लिहून निबंध मागे घेतला. मग म्हणाली, "चला, तापलीय. फुकट कशाला घालवायची?"

तापलेल्या दगडांवर पहिलं पाणी भट्टी पेटवणाऱ्याने टाकायचं, अशी आमच्याकडे रीत. तिने पळी माझ्या हातात दिली. मी पाणी टाकलं. वाफेत कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, ते बरं झालं.

समितीने तिला कायम केलं नाही. ऑगस्टमध्ये करार संपला आणि ती राजधानीत, तालिनला, एका विमा कंपनीत लागली. हेल्वेबाईंनी माझा करार मात्र वाढवला. मॉडेल भरवशाचं आहे, असं त्यात लिहिलं होतं.

सॉना आता कुणी पेटवत नाही. फोडलेली लाकडं भिंतीला तशीच रचलेली आहेत. शनिवारी दुपारी मोजणी आणि मॉडेल तंतोतंत जुळतात, दोन रेषांची एकच रेष होते. याचसाठी मी इतकी वर्षं खपलो. शनिवारी मी पडदा बंद ठेवतो.